बोडो/ग्लिम्ट : पहिले विजेतेपद मिळायला १०४ वर्षे का लागली?

मैदानाबाहेरचा

नमस्कार. युरोपीय स्पर्धांच्या निकालांत बोडो/ग्लिम्ट हे नाव वारंवार दिसू लागल्यापासून या नॉर्वेजियन फुटबॉल क्लबविषयी कुतूहल होते, म्हणून त्याचा इतिहास थोडा चाळला. क्लबची स्थापना १९ सप्टेंबर १९१६ रोजी झाली, पण नॉर्वेच्या सर्वोच्च साखळीचे पहिले विजेतेपद त्याला मिळाले ते थेट २०२० मध्ये. बोडो हे आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचे शहर आहे, हे लक्षात घेतले तर उशीर समजण्यासारखा आहे. मला चक्रावून टाकणारी गोष्ट वेगळीच आहे. १९६० पूर्वीच्या राष्ट्रीय चषकाच्या किंवा राष्ट्रीय साखळीच्या नोंदी पाहिल्या तर हा क्लब हरलेलाही दिसत नाही. त्याचे नावच नाही. या काळात संघ खेळत होता की नव्हता? आणि नावातली ती तिरपी रेघ कशासाठी आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तरायण

संघ खेळत होता आणि चांगला खेळत होता, पण त्याला खेळू दिले जात होते ते फक्त उत्तरेत. नॉर्वेचा राष्ट्रीय चषक १९०२ पासून सुरू आहे, मात्र नूरलान, त्रोम्स आणि फिनमार्क या उत्तरेकडच्या तीन प्रांतांतल्या क्लबांना त्यात १९६३ पर्यंत प्रवेशच नव्हता. राष्ट्रीय साखळीची सर्वोच्च श्रेणी त्यांना खुली झाली ती त्याहूनही उशिरा, १९७२ मध्ये. म्हणजे तुम्ही मोजलेल्या १०४ वर्षांपैकी निम्म्याहून अधिक वर्षे या क्लबला ते विजेतेपद मिळवण्याची वाटच उपलब्ध नव्हती. तोपर्यंत उत्तरेचे क्लब आपसांत खेळत. त्यांचा स्वतंत्र उत्तर नॉर्वे चषक होता, आणि ग्लिम्टने तो अनेकदा जिंकला. राष्ट्रीय नोंदींत त्यांचे नाव न सापडण्याचे कारण एवढेच आहे.

असा नियम का होता, याची दोन कारणे सांगितली जात. पहिले अंतराचे. ओस्लोहून बोडोला रस्त्याने जायचे तर सुमारे १२०० किलोमीटर अंतर पडते, आणि फिनमार्कमधली गावे तर बोडोपासूनही दूर आहेत. बोडोपर्यंत रेल्वे पोहोचली तीच मुळी १९६२ मध्ये. दिवसा नोकरी करून संध्याकाळी सराव करणाऱ्या हौशी खेळाडूंना एका सामन्यासाठी इतका प्रवास करायला लावणे खर्चाचे आणि गैरसोयीचे होते, हे मान्य करावे लागेल. दुसरे कारण मात्र उघडपणे अपमानकारक होते : उत्तरेचे संघ दक्षिणेच्या तोडीचे नाहीत, असे गृहीत धरलेले होते. ज्यांच्याशी कधी खेळलोच नाही, त्यांचा दर्जा कसा ठरवला, हा प्रश्न उत्तरेत वर्षानुवर्षे विचारला गेला.

गोलफलक

वरील उत्तर योग्य आहे, पण त्यावरून १९७२ मध्ये सगळे सुरळीत झाले असा समज होऊ नये. दार उघडले गेले, पण उंबरठा मुद्दाम उंच ठेवला होता, असे माझे मत आहे.

नार्विकचा म्योल्नर हा सर्वोच्च श्रेणीत खेळणारा उत्तरेचा पहिला क्लब. तो १९७२ मध्ये वर आला आणि त्याच वर्षी खाली गेला. त्यानंतर दुसऱ्या श्रेणीचे जे तीन गट होते, त्यांपैकी दोन दक्षिणेचे आणि एक उत्तरेचा. दक्षिणेच्या दोन्ही गटांचे विजेते थेट वर जात. उत्तरेच्या गटाच्या विजेत्याला मात्र दक्षिणेच्या दोन उपविजेत्यांशी पात्रता सामने खेळावे लागत. म्हणजे दक्षिणेतल्या दुसऱ्या क्रमांकाला जी किंमत, तीच उत्तरेतल्या पहिल्या क्रमांकाला. ग्लिम्टने १९७४ मध्ये आपला गट जिंकला आणि पात्रता सामन्यांत संधी गमावली. १९७५ मध्ये पुन्हा तेच झाले.

आता यातली गंमत पाहा. ज्या १९७५ मध्ये हा संघ पहिल्या श्रेणीच्या लायकीचा ठरला नाही, त्याच वर्षी त्याने हॉगेसुंडच्या व्हार्ड संघाला २–० असे हरवून राष्ट्रीय चषक जिंकला. उत्तर नॉर्वेच्या क्लबने चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या श्रेणीतला हा संघ मग चषकविजेता म्हणून युरोपात इटलीच्या नापोलीशी खेळला, आणि दोन्ही सामने हरला. अखेर १९७६ च्या हंगामानंतर त्याला वरच्या श्रेणीत जागा मिळाली आणि १९७७ च्या पहिल्याच हंगामात तो साखळीत दुसरा आला. चषकाच्या अंतिम सामन्यातही पोहोचला. दोन्ही ठिकाणी लिलेस्ट्रोम हा क्लब पुढे राहिला. उत्तरेचा दर्जा कमी असल्याच्या युक्तिवादाला इतके सडेतोड उत्तर दुसरे मिळणे कठीण. उत्तरेला वेगळे पाडणारी ही व्यवस्था सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मोडीत निघाली.

जाता जाता, त्याच दशकातला आणखी एक वारसा. प्रेक्षकांच्या घोषणांचा ताल धरणारा एक चाहता वाद्यवृंदाच्या संचालकाप्रमाणे हातात दात घासायचा ब्रश घेऊन हातवारे करू लागला, आणि त्यातून माणसाच्या उंचीला टेकेल असा पिवळा ब्रश ही क्लबची खूण बनली. स्टँडमध्ये पिवळ्या गळपट्ट्यांच्या गर्दीतून तो अवाढव्य ब्रश वर-खाली होताना दिसतो. पाहुण्या संघाच्या कर्णधाराला सामन्यापूर्वी तो भेट म्हणून देण्याचा प्रघात आहे, आणि ती भेट स्वीकारताना काही कर्णधारांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

मैदानाबाहेरचा

उत्तरायण आणि गोलफलक, दोघांचेही मनापासून आभार. अंतराचा आणि खर्चाचा मुद्दा मला अजूनही अगदीच टाकाऊ वाटत नाही, पण उपविजेत्यांशी बरोबरी करण्याचा नियम मात्र कुठल्याच अंतराने समर्थनीय ठरत नाही. एक उपप्रश्न : १९७७ मध्ये इतक्या जवळ पोहोचलेला संघ पुढे ४३ वर्षे कुठे अडकला? तेव्हा तर नियम आड येत नव्हते.

कर्कवृत्त

यापुढची कथा नियमांची नसून चढ-उतारांची आहे. १९८० मध्ये संघ खाली गेला आणि ऐंशीचे दशक त्याने खालच्या श्रेणींत काढले. त्रोम्सो या उत्तरेच्याच क्लबने दरम्यान १९८६ मध्ये चषक जिंकून उत्तरेचे नेतृत्व आपल्याकडे घेतले होते. १९९३ मध्ये ग्लिम्ट परतला, त्याच वर्षी चषक जिंकला आणि साखळीत दुसरा आला, अगदी १९७७ ची आठवण व्हावी असा. पण नव्वदच्या दशकात रोझेनबोर्ग या क्लबने ओळीने इतकी विजेतेपदे पटकावली, की बाकी साऱ्या देशालाच दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागत होते.

या सगळ्या काळात एक धागा सलग दिसतो, तो बर्ग घराण्याचा. १९७५ च्या चषकविजेत्या संघात हाराल्ड बर्ग होता. त्याचे मुलगे ओर्यान, रूनार आणि आरिल्ड याच क्लबकडून खेळले, आणि ओर्यानचा मुलगा पॅट्रिक हा आजच्या संघाचा कर्णधार आहे. मोठ्या शहरांतले क्लब खेळाडू विकत आणतात. इथे मात्र तीन पिढ्या एकाच घरातून मैदानावर आल्या.

२०१६ मध्ये संघ पुन्हा एकदा खालच्या श्रेणीत घसरला. माझ्या मते आजच्या यशाची सुरुवात त्या पडझडीत आहे. २०१७ मध्ये बोडोच्या हवाई तळावरचे लढाऊ वैमानिक ब्यॉर्न मान्सवेर्क संघाच्या मानसिक तयारीसाठी आले. निकालाचा विचार बाजूला ठेवून समोरच्या कामगिरीवर लक्ष ठेवणे, आणि भीती लपवण्याऐवजी ती सहकाऱ्यांसमोर बोलून दाखवणे, ही वैमानिकांच्या सरावातली शिस्त त्यांनी खेळाडूंना लावली. त्याचा दृश्य परिणाम कोणत्याही सामन्यात दिसतो : गोल खाल्ला की सारे खेळाडू कडे करून उभे राहतात, चार शब्द बोलतात आणि मगच चेंडू मध्यावर जातो. एकमेकांकडे बोट दाखवत फिरणाऱ्या संघांची सवय झालेल्या डोळ्यांना हे दृश्य आधी विचित्र वाटते. २०१८ मध्ये शेटिल क्नुटसेन मुख्य प्रशिक्षक झाले. त्या वर्षी संघ अकरावा होता, २०१९ मध्ये दुसरा आला, आणि २०२० मध्ये ३० सामन्यांत ८१ गुण आणि १०३ गोल करून, दुसऱ्या क्रमांकाच्या मोल्डेपेक्षा १९ गुणांनी पुढे राहून त्याने विजेतेपद मिळवले. उत्तर नॉर्वेच्या वाट्याला आलेले हे पहिलेच विजेतेपद. २०२१, २०२३ आणि २०२४ ची विजेतेपदेही त्याच्याच नावावर आहेत.

युरोपातले निकाल तुम्ही पाहिलेच असतील. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी इटलीच्या रोमावर ६–१ असा विजय, आणि २०२५ मध्ये इटलीच्याच लाझिओला पेनल्टींवर हरवून युरोपा लीगची उपांत्य फेरी, जिथवर नॉर्वेचा कोणताही क्लब आधी पोहोचला नव्हता. तिथे इंग्लंडच्या टॉटनहॅमने त्यांना रोखले. नापोलीने दोनदा हरवलेल्या संघाने ४५ वर्षांनी रोमाला सहा गोल मारावेत, हा योग मला त्या विजेतेपदांपेक्षाही अधिक भावतो. रोमाविरुद्धचा तो सामना झाला तो क्लबच्या घरच्या आस्पमीरा मैदानावर, जिथे आठ हजारांहून थोडे अधिक प्रेक्षक बसतात.

उत्तरायण

तिरप्या रेघेचा प्रश्न राहूनच गेला. क्लबचे मूळ नाव नुसते 'ग्लिम्ट' होते, म्हणजे लकाकी किंवा चमक. त्रोनेलाग भागातही याच नावाचा एक क्लब होता, म्हणून १९४८ मध्ये गोंधळ टाळण्यासाठी आधी गावाचे नाव आणि मग रेघ जोडली गेली. दोन क्लब एकत्र आले असावेत असा समज अनेकांचा होतो, माझाही होता. पण तसे काही झालेले नाही.