एचएमटी घड्याळं परदेशी लिलावात: कमिशन नेमकं कशावर कापतात?

बर्डीचा_पोरगा

नमस्कार मंडळी. माझ्या मोठ्या बाबांचं नागपूरला बर्डीवर घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. आता त्यांना बारीक काम दिसत नाही, म्हणून दुकान बंद केलं आणि कपाटातला सगळा माल आमच्या घरी आला. चावीची एचएमटी आहेत, जनता, पायलट, कोहिनूर. शिवाय डब्या भरभरून सुटे भाग. इथे गिऱ्हाईक चारशे-पाचशेच्या वर बोलायला तयार नाही. म्हणून एक जनता परदेशी लिलावाच्या साइटवर टाकलं. 42 डॉलरला गेलं, घेणारा जर्मनीचा. पाठवणीचे 12 डॉलर वेगळे लावले होते, कारण ट्रॅकिंगवालं पोस्ट, पुठ्ठ्याचा डबा, बबल रॅप सगळं धरून हजाराच्या वर जाऊन राहिलं होतं.

म्हणजे एकूण 54 डॉलर. डॉलरला 88 रुपयांच्या भावाने साडेचार हजारांच्या वर, 4,752. बँकेत पडले 3,790. कमिशन तेरा-साडेतेरा टक्के म्हणतात, इथे तर वीस टक्के गेले. कोणी हिशोब सांगेल काय?

महालचे_काका

बाळा, हिशोब बरोबर आहे. फक्त तू 54 वर मांडून राहिला, आणि त्यांनी 64 वर मांडला.

युरोपात 1 जुलै 2021 पासून बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालावरची व्हॅटची सूट गेली. 150 युरोपर्यंतच्या मालावर साइटच गिऱ्हाइकाकडून व्हॅट घेते आणि परस्पर भरते. जर्मनीत तो 19 टक्के. तुझ्या 54 वर 10.26 झाले, गिऱ्हाइकाने मोजले 64.26. ते वरचे दहा डॉलर तुझ्या डोळ्यालाही पडत नाहीत, पण ईबेसारख्या साइटवर विक्रीचं कमिशन लागतं ते गिऱ्हाइकाने मोजलेल्या सगळ्या रकमेवर. माल, पाठवणी, कर, सगळं.

आता मांड. साडेतेरा टक्के धरू, 64.26 वर झाले 8.68. प्रत्येक ऑर्डरमागे ठरलेली चिल्लर असते, 40 सेंट धर. परदेशी गिऱ्हाइकाचा वेगळा आकार, दीड टक्का धरला तर 96 सेंट. गेले 10.04, उरले 43.96. मग पैसे पेओनिअरसारख्या मधल्या खात्यातून रुपयांत येतात, तिथे दोन टक्के धर. 43.08 डॉलर, म्हणजे 3,791 रुपये. तुझ्या आकड्याशी एका रुपयाच्या फरकाने जुळला. दर प्रत्येक खात्याला, मालाच्या प्रकाराला वेगळे असतात. तुझ्या ऑर्डरच्या तपशिलात एकेक ओळ दिसेल, ती उघडून बघ.

आता पाठवणीवर कमिशन काहून? तर पूर्वी नव्हतं. तेव्हा लोक वस्तू एक सेंटला टाकायचे आणि पाठवणी पंचवीस डॉलर लावायचे. साइटच्या हाती धुपाटणं. म्हणून ईबेने 2011 पासून पाठवणीच्या रकमेवरही कमिशन सुरू केलं. चोरी त्या लोकांनी केली, भरून राहिलो आपण.

याचा तुझ्यापुरता अर्थ एवढाच की पाठवणीचे 12 डॉलर लावले तरी सगळं कापून हाती साडेआठशेच्या आसपास येतात. पोस्ट आणि डबा मिळून हजाराच्या वर गेले असतील तर वरचे दोनशे घड्याळातून गेले. खरे पैसे काढायचे असतील तर तिथे 15 लाव. आणि 'पाठवणी मोफत' असं लिहून सगळं किमतीत घातलं तरी कमिशनमध्ये एका सेंटचा फरक पडत नाही, फक्त लिस्टिंग दिसायला बरी दिसते. लिलावात तर मी ते कधीच करत नाही. बोली तुझ्या हातात नाही ना! 20 वर अडकली तर पोस्ट तुझ्या खिशातून.

गडचिरोली_बांबू

काकांनी घड्याळाचं सांगितलं, मी हलक्या पण मोठ्या वस्तूचं सांगते. आम्ही बांबूचे दिवे, टोपल्या पाठवतो. घड्याळवाले नशीबवान बाप्पा, मुठीत मावतं सगळं. आमचा दिवा सव्वा किलोचा, पण डबा 40 बाय 30 बाय 25 सेंटिमीटर. खाजगी कुरिअर लांबी-रुंदी-उंची गुणून 5000 ने भागतात. 30,000 भागिले 5000, झाले सहा किलो. बिल सहा किलोचं. नागपूरला इतवारीत पुठ्ठेवाल्याकडून मापाचा डबा कापून घेतला, उंची 25 ची 18 केली, तर 4.3 किलोवर आलं. लिस्टिंग टाकायच्या आधी डबा बंद करून मोजपट्टी लावा, मगच पाठवणीचा आकडा लिहा.

आणि अमेरिकेचं गिऱ्हाईक असेल तर आधी आयातीची ड्युटी कोण भरणार ते लिहून घ्या. 800 डॉलरपर्यंतची सूट 29 ऑगस्ट 2025 ला गेली. त्या सुमारास आपल्या पोस्टानेही तिकडचं बहुतेक पार्सल बुकिंग थांबवलं होतं, ऑक्टोबरात परत सुरू केलं. आमच्या एका गिऱ्हाइकाने दारात ड्युटीचं बिल बघून पार्सल नाकारलं. दिवा परत आणायचा खर्च दिव्याहून जास्त, तो तिकडेच राहिला.

बर्डीचा_पोरगा

काका, ताई, फार आभार. मग स्वस्त घड्याळं पाठवण्यात अर्थच नाही काय? आणि पोस्टातल्या एकाने सांगितलं की अर्जावर 'गिफ्ट' लिहा, कटकट वाचते.

महालचे_काका

गिफ्ट अजिबात लिहायचं नाही. विकलेला माल भेट म्हणून दाखवणं ही खोटी घोषणा झाली. शिवाय पार्सल हरवलं तर भरपाई मागायला तोंड राहत नाही. डीजीएफटीच्या (परकीय व्यापार महासंचालनालयाच्या) साइटवर आयातक-निर्यातक कोड काढ, पॅनवर निघतो, फी 500 रुपये. मग पोस्टातून व्यापारी माल म्हणून रीतसर निर्यात बिल भरता येतं. डाक घर निर्यात केंद्रं त्यासाठीच काढली आहेत. जर्मनीच्या पार्सलला साइटने दिलेला आयओएसएस नंबर (व्हॅट आधीच घेतल्याची खूण) पोस्टाच्या ऑनलाइन माहितीत भरायला विसरू नको. तो नाही गेला तर तिकडचा पोस्टमन गिऱ्हाइकाकडून व्हॅट दुसऱ्यांदा मागतो, आणि शिव्या तुला पडतात.

स्वस्त घड्याळांचं म्हणशील तर एकेकटं नको. पोस्टाचा खर्च पार्सलमागे आहे, घड्याळामागे नाही. तीन बंद घड्याळांचा लॉट कर, 'दुरुस्तीसाठी' म्हणून. पण खरी लक्ष्मी तुझ्या त्या डब्यांत आहे. जनताला 0231 नंबरचं मशीन असतं. त्याचे बॅलन्स, चाव्या, काटे, मूळ डायल शोधणारे शौकीन तिकडे बसलेले आहेत, कारण एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद होऊन वर्षं झाली. आणि सुटे भाग म्हणजे वजन काय, तर पाकिटाचंच.

एक मात्र पाळ. डायल परत रंगवलेला असेल तर तसं लिही. आपल्याकडून भडक रंगवलेली घड्याळं इतकी गेली की तिकडचे लोक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून हसतात. न लिहिता पाठवलं आणि गिऱ्हाइकाने 'वर्णनाप्रमाणे नाही' म्हटलं, तर परतीचं भाडंही तुझ्याच माथी. जर्मनीहून नागपूरचं भाडं म्हणजे घड्याळ फुकट देऊन वर पैसे द्यायचे. भिंगाखाली अक्षरं बघ. मूळ छपाईत 'जनता'च्या देवनागरी अक्षरांची कड स्वच्छ असते. रंगवलेल्यात ती फुगते आणि मिनिटांच्या रेघा कुठे जाड कुठे बारीक होतात. मोठ्या बाबांना विचार, ते हात लावून सांगतील.

बर्डीचा_पोरगा

विचारलं. म्हणाले, यातले दोन डायल मीच रंगवून आणले होते 😅 वेगळे काढले. आणखी एक आहे, साखळीचं खिशातलं घड्याळ, चांदीचं, विलायती. आजोबांच्या आधीपासून घरात आहे म्हणतात. याला चांगले पैसे येतील ना?

महालचे_काका

ते सध्या लिस्टिंगला लावू नको. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरू शकते, आणि ती खाजगी माणसाने देशाबाहेर पाठवणं गुन्हा आहे. एचएमटीला ही भानगड नाही, पहिली घड्याळंच 1961 ची. आपल्याकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ आहे, तिथे विचारून ये. मागचं झाकण उघडता येत असेल तर आतल्या शिक्क्याचा आणि नंबरचा फोटो आधी इथे टाक. झाकण नखाने नको, मोठ्या बाबांकडूनच उघडून घे.