घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून मुलांसोबत वसंतातील फुले : कोणत्या वस्तूचे कोणते फूल करावे?

प्रश्न

नमस्कार. घरात पाच आणि नऊ वर्षांची दोन मुले आहेत. वसंत ऋतूच्या निमित्ताने एक खिडकी आणि एक कोरी भिंत फुलांनी सजवावी, त्यासाठी विकतचे काही आणू नये आणि घरात साठलेल्या वस्तूंतूनच मुलांकडून ही फुले करून घ्यावीत, असा विचार आहे. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, टॉयलेट रोलच्या नळ्या, जुनी वर्तमानपत्रे आणि मासिके, शीतपेयांच्या बाटल्या, त्यांची झाकणे, दुधाच्या पिशव्या आणि लोकरीचे तुकडे एवढा साठा हाताशी आहे.

अडचणी तीन आहेत. पाहायला मिळणारे बहुतेक नमुने मोठ्या माणसाने स्वतः केलेले असतात आणि त्यांत पाच वर्षांच्या मुलाला रंग फासण्यापलीकडे काही काम उरत नाही. दुसरे असे की, प्लास्टिकवर दिलेला पोस्टर रंग वाळला की पापुद्र्याने सुटतो आणि दुधाच्या पिशवीला तर कोणताच गोंद धरत नाही. तिसरे म्हणजे, ऋतू सरल्यावर गोंद, रंग, चमकी आणि प्लास्टिक यांचा एकजीव गोळा कचऱ्यातच टाकावा लागणार असेल, तर टाकाऊतून टिकाऊ करण्याला अर्थ तो काय राहिला? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या पहिल्या दोन अडचणींचे मूळ एकच आहे, असे मला वाटते. आपण आधी फुलाचे चित्र ठरवतो आणि मग हाती येईल त्या वस्तूला ते फूल व्हायला भाग पाडतो. त्याऐवजी वस्तू हातात घेऊन तिच्यात कोणते फूल आधीच अर्धे तयार आहे ते पाहिले, तर मोठ्यांचे काम निम्म्याने घटते आणि उरलेले मुलांना झेपते.

अंड्यांच्या ट्रेपासूनच सुरुवात करावी. हा ट्रे कागदाच्या लगद्याचा असतो. त्यातले तंतू आखूड आणि सैल गुंफलेले असल्यामुळे तो पाण्याने चटकन मऊ पडतो आणि वाळला की दिलेला आकार धरून बसतो. ट्रेमधली एक वाटी कापून सुटी करावी, तिच्या काठाला चार चिरा द्याव्यात आणि प्रत्येक पाकळीचे टोक ओल्या बोटाने ओढून बाहेर वळवावे. हे ओल्या बोटाचे काम पाच वर्षांचे मूल अत्यंत तन्मयतेने करते, आणि पाकळ्या थोड्या वेड्यावाकड्या वळल्या तर फूल उलट अधिक खरे वाटते. दोन वाट्यांमध्ये जो उंच सुळका असतो, तो बहुतेक जण फेकून देतात. वास्तविक डॅफोडिलच्या मधला कर्णा म्हणजे हुबेहूब तो सुळकाच. ट्रेला सपाट झाकण असेल तर त्यातून सहा पाकळ्यांची चकती कापावी आणि तिच्या मध्यावर शेंडा छाटलेला सुळका बसवावा. ट्यूलिपलाही सहाच पाकळ्या असतात, तीन आत आणि तीन बाहेर. बाजूने पाहताना त्यांतल्या तीनच ठळकपणे दिसतात, त्यामुळे काठाला तीन टोके काढलेली नुसती वाटीही ट्यूलिप म्हणून सहज खपून जाते.

रंगात पाणी कमी ठेवावे, नाहीतर वाटी मऊ पडून बसते. करड्या ट्रेवर पिवळा किंवा गुलाबी रंग मळकट दिसतो. त्यासाठी आधी पांढऱ्याचा एक हात द्यावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. फुटलेल्या अंड्याचे डाग असलेला ट्रे मात्र मुलांच्या हाती देऊ नये, कारण लगद्याचा पुठ्ठा धुऊन स्वच्छ होत नाही आणि अंड्यांतून साल्मोनेला जीवाणू येऊ शकतात. स्वच्छ ट्रे हाताळल्यावरही हात धुण्याची शिस्त ठेवावी.

टॉयलेट रोलची नळी चपटी दाबून साधारण एक सेंटिमीटर रुंदीच्या चकत्या कापल्या की प्रत्येक चकती डोळ्याच्या आकाराची, म्हणजे आयतीच पाकळीसारखी मिळते. अशा पाच चकत्या टोकाला टोक जोडून चिकटवल्या की फूल झाले, आणि एका नळीतून दोन फुले आरामात निघतात. कापण्याचे काम मोठ्या मुलाने करावे. धाकट्याकडे गोंद लावून प्रत्येक जोडावर कपड्याचा चिमटा अडकवण्याचे काम द्यावे. पांढरा गोंद वाळून पारदर्शक होईपर्यंत चिमटा काढायचा नाही, एवढा एकच नियम त्याला सांगावा. ही वाट पाहणे मुलांना जड जाते हे खरे, पण गोंद पारदर्शक झाला की नाही हे पुन्हा पुन्हा जाऊन पाहण्यातही त्यांचा वेळ मजेत जातो.

दुसरा प्रतिसाद

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. प्लास्टिकबद्दल थोडी भर घालतो.

शीतपेयाची बाटली उलटी करून तिचा तळ पाहावा. आतल्या वायूच्या दाबाने सपाट तळ बाहेर फुगला असता आणि बाटली डुगडुगली असती, म्हणून तिला पाच पाय दिलेले असतात. हे पाच पाय म्हणजेच पाच पाकळ्या. बाटली न कापता तळ पसरट थाळीतल्या घट्ट रंगात टेकवायचा आणि कागदावर ठसा उमटवायचा. एका ठशात पाच पाकळ्यांचे फूल मिळते. सफरचंद, चेरी, बदाम आणि पीच या एकाच कुळातील झाडांची साधी फुले पाच पाकळ्यांचीच असतात. त्यामुळे वर्तमानपत्राच्या लांब पट्टीवर एक तपकिरी फांदी रंगवून तिच्यावर असे ठसे उमटवले की भिंतीपुरता बहर तयार होतो, आणि यातले फांदीपासून ठशांपर्यंतचे सारे काम धाकट्याचे असते. साध्या पाण्याच्या बाटल्यांचा तळ वेगळ्या घडणीचा असू शकतो, म्हणून शीतपेयाचीच बाटली घ्यावी.

रंग सुटण्याचे कारण असे की, पोस्टर रंगाला धरून ठेवायला खरखरीत किंवा रंग शोषणारा पृष्ठभाग लागतो आणि प्लास्टिकवर तो मिळत नाही. बाटली साबणाने धुऊन बारीक पॉलिश पेपरने घासावी आणि मग ॲक्रिलिक रंग द्यावा. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते आणि त्या पृष्ठभागावर घरगुती गोंद पसरतच नाही, त्यामुळे त्या वाटेला न जाता जोड बांधून घ्यावेत. स्वच्छ धुऊन वाळवलेल्या पिशवीच्या पट्ट्या एकावर एक ठेवाव्यात, मधोमध दोऱ्याची गाठ घट्ट मारावी आणि टोके कात्रीने झिरमिळ्या करून फुलवावीत. झेंडूसारखे भरगच्च फूल तयार होते आणि गोंदाचा थेंबही लागत नाही.

बाटलीच्या पाकळ्या मेणबत्तीवर धरून वळवण्याची युक्ती अनेक ठिकाणी सुचवलेली असते. बाटलीचे प्लास्टिक, म्हणजे पीईटी, साधारण ७० ते ८० अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागते, म्हणून ती युक्ती चालते हे खरे. पण ज्योतीजवळ तापमान याच्या कितीतरी पुढे जाते, प्लास्टिक वितळून त्वचेला चिकटले तर खोल भाजते आणि धूर नाकात जातो तो वेगळाच. मुलांसोबत हे करूच नये.

तिसरा प्रतिसाद

माझे मत थोडे वेगळे आहे. मुलांच्या कामातून प्लास्टिक पूर्ण वगळावे, निदान कागद आणि प्लास्टिक एका फुलात आणू नये. आपण विचारलेल्या तिसऱ्या अडचणीचे उत्तर यातच आहे. कागदाचे फूल, कागदाचाच देठ, पातळ खळ आणि पाण्यातले रंग एवढेच वापरले, तर ऋतू सरल्यावर रंग न लागलेले भाग रद्दीत जाऊ शकतात आणि खळ लावलेले तुकडे फाडून कुजवता येतात. त्याच फुलावर बाटलीचे झाकण चिकटवले, की ते कागदाच्याही कामाचे राहत नाही आणि प्लास्टिकच्याही. प्लास्टिकची फुले करायचीच असतील तर वर सांगितल्याप्रमाणे दोऱ्याने बांधावीत, म्हणजे नंतर दोरा कापून प्लास्टिक वेगळे करता येते.

चमकीला माझा स्पष्ट विरोध आहे. ती बहुधा प्लास्टिकचीच असते, घरभर पसरते आणि सांडपाण्यात जाते. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले, त्यामागे हेच कारण आहे.

घरात तीन वर्षांखालील भावंड किंवा पाहुणे मूल येणार असेल, तर झाकणे, बटणे आणि मणी यांपासून जपावे. अमेरिकेतील नियमांनुसार तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांचे सुटे भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात पूर्ण मावता कामा नयेत. बाटलीची नेहमीची झाकणे त्यात सहज मावतात. घरच्या घरी अंदाज घ्यायला टॉयलेट रोलची नळी पुरते. ती या नळकांड्यापेक्षा रुंद असल्याने, तिच्यातून जे आरपार जाते ते लहान मुलाच्या आवाक्याबाहेर ठेवणे कधीही बरे.

कात्रीबद्दलही एक सूचना आहे. गोल आकार कापताना मुले कात्री वळवतात आणि मनगट अवघडते. कात्री समोरच्या दिशेने स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने कागद फिरवायला शिकवले, की वर्तुळ नीट कापले जाते.

मूळ प्रश्नकर्त्याचा प्रतिप्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. बाटलीचा ठसा आणि ओल्या बोटाची युक्ती धाकट्यासाठी निश्चित केली आहे. मोठ्या मुलीला मात्र हे सारे बाळबोध वाटते. तिला खऱ्यासारखे दिसणारे, भरगच्च पाकळ्यांचे फूल हवे आहे आणि तेही वर्तमानपत्राचेच, कारण त्यावरची अक्षरे तिला आवडतात. पाकळ्या नीट वळण्यासाठी आणि देठ ताठ राहण्यासाठी काय करावे? आणि खिडकीत ऊन असते, तिथे वर्तमानपत्र टिकेल का?

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

नऊ वर्षांच्या मुलीसाठी एक छान रीत आहे, आणि तिच्यात कागदाचा तुकडाही वाया जात नाही. वर्तमानपत्राचे समान आकाराचे तीन चौरस घ्यावेत. प्रत्येकाची निम्मी घडी घालून पुन्हा निम्मी करावी आणि मग कर्णावर दुमडून त्रिकोण करावा. त्रिकोणाच्या उघड्या बाजूला पाकळीचा गोलावा कापावा आणि घडी उलगडावी, म्हणजे आठ पाकळ्यांची चकती मिळते. आता पहिल्या चकतीतून एक पाकळी, दुसरीतून दोन जोडपाकळ्या आणि तिसरीतून तीन जोडपाकळ्या अशा फोडीच्या आकारात कापून काढाव्यात. मोकळ्या झालेल्या जागेच्या दोन्ही कडांच्या पाकळ्या एकमेकींवर चिकटवल्या की तीन द्रोण तयार होतात, आणि ज्यातून जास्त पाकळ्या काढल्या तो द्रोण सर्वांत खोल होतो. काढलेल्या तुकड्यांचेही तसेच अरुंद द्रोण करावेत आणि एकाच पाकळीच्या तुकड्याची घट्ट गुंडाळी करून कळी करावी. सर्वांत पसरट द्रोण खाली ठेवून, क्रमाने एकात एक बसवत, शेवटी मध्ये कळी ठेवली की गुलाब तयार होतो. द्रोणांचे तळ किंचित छाटले नाहीत तर ते एकमेकांत नीट बसत नाहीत, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

पाकळ्या चिकटवण्याआधीच वळवून घ्याव्यात. कागदात तंतूंची एक दिशा असते. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटते आणि दुसऱ्या दिशेने भरकटते, त्यातली सरळ फाटण्याची दिशा ती तंतूंची. तंतू पाकळीच्या रुंदीला धरून असतील तर टोक पेन्सिलीभोवती सहज वळते, आणि लांबीला धरून असतील तर पाकळी ताठ राहते. गोल चकतीत काही पाकळ्या एका बाजूच्या आणि काही दुसऱ्या बाजूच्या येणारच, म्हणून काही जास्त वळतात आणि काही कमी. मला तरी ते दोष वाटत नाही.

देठासाठी वर्तमानपत्राचे पान एका कोपऱ्यापासून तिरपे, विणायच्या सुईभोवती घट्ट गुंडाळत न्यावे, शेवटच्या कोपऱ्याला गोंद लावावा आणि सुई ओढून काढावी. ही पोकळ काडी तारेइतकी लवचीक नसते, पण मुलांच्या हाताला टोचतही नाही.

उन्हाबद्दल आपली शंका रास्त आहे. वर्तमानपत्राच्या कागदात लाकडातले लिग्निन शिल्लक असते आणि प्रकाशात ते पिवळे पडते. थेट उन्हाच्या काचेवर हा बदल लवकरच दिसू लागेल. म्हणून वर्तमानपत्राचे गुलाब भिंतीवर लावावेत आणि खिडकीत अंड्यांच्या ट्रेची रंगवलेली फुले टांगावीत. मात्र कोवळे गुलाबी आणि जांभळे रंग उन्हात विटतात, तेव्हा तिथे गडद रंग वापरलेले चांगले. फुलांत दिव्यांची माळ गुंफण्याचा मोह होतोच. तसे करायचे झाल्यास कमी विद्युत दाबावर चालणारी एलईडीची माळच घ्यावी, आणि खोलीत कोणी नसताना ती बंद ठेवावी.