पावसाळा, पुस्तकांना बुरशी आणि घरात मांजर: डांबरगोळ्या ठेवू का?

पागोळी, रत्नागिरी
जांभ्याचं दोन खोल्यांचं घर, समुद्र चालत दहा मिनिटांवर. चारेकशे पुस्तकं उघड्या लाकडी मांडणीत, बरीचशी कापडी बांधणीची. ऑफिस पावणेदहा ते सव्वासहा, म्हणजे घर नऊ तास तरी बंद. जुलै लागला की पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, खालच्या खणात कसर दिसते. आजवर डांबरगोळ्या ठेवत होते. आता घरात दीड वर्षाची भाटी आहे, दिवसभर एकटी. मांडणीच्या वरच्या फळीवरच झोपते आणि हल्ली पुस्तकांच्या पाठी ओरबाडते. गोळ्या कापडात बांधून उंचावर ठेवल्या तर चालेल का? की कापूर बरा?

माजघर, कुडाळ
दोन्ही नकोत. घरात असतील त्या गोळ्या आजच काढा. मांजराच्या यकृताला असली द्रव्यं नीट पचवता येत नाहीत. डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, त्याला एक गोळीही पुरते. कापडाची पुरचुंडी तर ती खेळायला म्हणून खाली ओढणारच. आणि बंद घरात नऊ तास तो वास तिच्या नाकात जातो, तोही बाधतो. कापूर पोटात गेला तर झटके येऊ शकतात.

चाटली-चावल्याचा संशय असेल तर दूध, तूप, तेल काहीही पाजू नका. नॅप्थलीन स्निग्धात विरघळतं, त्यामुळे ते अंगात आणखी लवकर भिनतं. मीठ-पाणी पाजून ओकारी काढायलाही जाऊ नका. हिरड्या पांढुरक्या किंवा तपकिरी दिसणं, लघवी चहाच्या रंगाची होणं, सुस्ती, खाणं सोडणं ही लक्षणं; ती दिसायला दिवस-दोन दिवसही लागतात, तेव्हा वाट न बघता डॉक्टरांकडे जा. उरलेली गोळी बरोबर न्या. पुडक्यावर नाव नसेल तर घरीच ओळखता येतं: कापूर साध्या पाण्यावर तरंगतो. नॅप्थलीन साध्या पाण्यात बुडतं, पण मीठ विरघळेनासं होईपर्यंत घातलेल्या पाण्यावर तरंगतं. दोन्हीकडे बुडाली तर ती पॅराडायक्लोरोबेन्झीनची. डॉक्टरांना हे कळलं की उपचार ठरवायला सोपं जातं.

खळ-पुठ्ठा, मालवण
वासाने बुरशी थांबतच नाही, म्हणून गोळ्या गेल्याचं वाईट वाटून घेऊ नका. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की बुरशी धरते, आणि आपल्याकडे जुलैत ती नव्वदीला टेकते. छोटा आर्द्रतामापक आणून मांडणीत ठेवा, अंदाजाने काही कळत नाही.

मांडणी भिंतीपासून चार-पाच बोटं नव्हे, चांगली वीतभर पुढे ओढा. झड लागणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीला तर नकोच. जांभा पाणी पितो आणि महिनाभर ओल सोडत राहतो. खालची फळी जमिनीपासून निदान सहा इंच वर. पुस्तकं इतकी सैल लावा की दोन पुस्तकांत बोट सहज जावं. मांडणीच्या दिशेने पंखा मंद चालू ठेवून ऑफिसला जा. त्याने हवा कोरडी होत नाही, पण कोंडलेले कोपरे मोडतात. पाऊस चालू असताना ‘हवा खेळू दे’ म्हणून खिडक्या उघडल्या तर उलट ओल आत येते. उघडीप असेल त्या दुपारी उघडा.

बुरशी आधी पाठीवर धरते, कारण बांधणीची खळ तिथे असते. कसरही त्याच खळीसाठी येते. अंधारात टॉर्च पाठीला समांतर धरून बघा: धूळ सपाट दिसते, बुरशीला तंतू दिसतात. असं पुस्तक ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत उतरतो. पडवीत न्या, मास्क लावा, आधी सावलीत पंख्याखाली वाळू द्या. वाळलं की मऊ ब्रशने पाठीकडून बाहेर झटका. कडक उन्हात ठेवलं तर कागद पिवळा पडतो.

कसर लागलेली पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशाच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवस पिशवी उघडायची नाही. पाणी पिशवीच्या बाहेरून सुटलं पाहिजे, कागदावर नव्हे. बुरशी मात्र थंडीने मरत नाही, नुसती निजते.

एक सांगायचं राहिलं. जुन्या बांधणीच्या खळीत मोरचूद घालत, तेही विषारी. तुमची भाटी पाठी कुरतडत असेल तर ती पुस्तकं आधी कपाटात जाऊ द्या.

सुंभ, गुहागर
ओरबाडण्याचं बघू. अंग ताणायला आणि नखांवरची जुनी साल काढायला तिला खरबरीत, न हलणारं काहीतरी लागतं. कापडी पाठीची वीण नेमकी तशीच. ओरडून उपयोग नाही, तिला त्याहून चांगलं द्या. चार इंची लाकडी ओंडका, उंची ३० इंच तरी, म्हणजे ती पूर्ण ताणून उभी राहू शकेल. त्यावर ८ मिलिमीटरचा काथ्याचा दोर शेजारीशेजारी घट्ट गुंडाळा, साधारण ३५ मीटर लागतो. गोंद पांढरा लाकडाचा, खिळे फक्त दोन टोकांना आणि डोकी आत ठोकून. खाली फळी मारून तिच्यावर अर्धा चिरा गोणपाटात गुंडाळून बांधा. खांब डुगडुगला तर ती पुन्हा त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. तो मांडणीला लागून ठेवा, कोपऱ्यात नको. पावसात काथ्यालाही बुरशी धरते, उघडीप मिळाली की बाहेर काढा.

वरची फळी तिला पूर्ण रिकामी करून द्या, घोंगडीचा तुकडा टाका. तिचं शी-शूचं भांडं त्या खोलीत नको, ओल आणि वास दोन्ही वाढतात. दिवसभराचं खाणं थाळीतल्या पाण्यात वाटी ठेवून द्या, मुंग्या येत नाहीत. पिण्याच्या पाण्याची वाटी वेगळी, खाण्यापासून लांब.

पागोळी
गोळ्या काढल्या. कपाटाच्या वरच्या खणात सिलिका जेल ठेवू का? आणि फिनेलने लादी पुसलेली चालते का?

खळ-पुठ्ठा
उघड्या मांडणीत सिलिका वाया जाते, कपाटातही दार सारखं उघडत असेल तर तेच. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात पंचवीस-तीस पुस्तकांना पाव किलो, जाळीच्या पुरचुंडीत. पुस्तकं आधी वाळवून मगच भरा, नाहीतर सिलिका त्यांचंच पाणी ओढून दोन दिवसांत भरते. निळे दाणे घेऊ नका, त्यात कोबाल्ट असतं. नारंगी घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशावर दोन तास.

माजघर
फिनेल नको, काळं तर अजिबात नको. ती लादीवरून चालते आणि मग पंजे चाटते. साध्या साबणाच्या पाण्याने पुसा, मग स्वच्छ पाण्याने एकदा, आणि लादी वाळेपर्यंत तिला दुसऱ्या खोलीत ठेवा.