कोणी ऐकत असले की वरचे स्वर गाताना गळा आवळतो. आधी कोणाकडे जावे?

गाणारी
एकटी असताना माझा तार षड्ज (वरचा सा) सहज लागतो, परंतु समोर कोणी ऐकायला बसले की पंचमाच्या (प) पुढे जबडा घट्ट होतो, जीभ मागे ओढली जाते आणि आवाज बारीक होऊन चिरकतो. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीने तपासले. गाठ नाही, सूजही नाही. स्वभावाने मी पडते घेणारी असून राग आला तरी गिळून टाकते, आणि रडू आवरताना गळ्याशी जे दाटून येते तसेच काहीसे गातानाही जाणवते. या दोहोंचा खरोखर संबंध असतो का? असल्यास व्हॉइस थेरपिस्ट (आवाजाचे उपचारतज्ज्ञ), अलेक्झांडर तंत्राचे (शरीराच्या ठेवणीतल्या ताणाच्या सवयी ओळखून सोडायला शिकवणाऱ्या पद्धतीचे) शिक्षक आणि समुपदेशक यांपैकी आधी कोणाकडे जावे?

स्वरचिकित्सा
संबंध असू शकतो, आणि त्यात गूढ असे काही नाही. स्वरयंत्राचे मूळ काम गाणे हे नसून श्वासमार्गाचे रक्षण करणे हे आहे. घास गिळताना आणि जड वजन उचलताना ते मिटते, आणि हुंदका किंवा संताप दाबतानाही आपण श्वास कोंडून त्याच स्नायूंना कामाला लावतो. जिभेच्या मुळाशी असलेल्या एका लहान हाडाला स्वरयंत्र टांगलेले असल्यामुळे जीभ आणि जबडा ताठले की त्याची मोकळी हालचाल खुंटते. पट्टी काळी पाच, म्हणजे हार्मोनियमची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरली तर तार षड्जाला स्त्रीचे स्वरतंतू सेकंदाला सुमारे ४६६ वेळा एकमेकांना भेटतात. इतक्या नाजूक कामात बाहेरचे स्नायू घुसले की आवाज चिरकणारच.

माझ्या मते आधी व्हॉइस थेरपिस्टकडे जावे. मात्र तपासणी स्ट्रोबोस्कोपीने, म्हणजे लुकलुकत्या प्रकाशात, झाली होती का, हे विचारून घ्या, कारण साध्या प्रकाशात स्वरतंतूंचे कंपन दिसत नाही. शिवाय जिथे आवाज अडतो तीच ओळ गाऊन दाखवा, नुसता ‘ई’ म्हणून भागत नाही. तोवर घरी हनुवटीखालच्या मऊ भागावर अंगठा ठेवून हळूहळू वर चढा आणि तो भाग कोणत्या स्वराला कडक होतो ते पाहा. पेय पिण्याच्या नळीतून (स्ट्रॉमधून) गुणगुणण्याचा व्यायामही चांगला, कारण ओठांशी अडलेल्या हवेचा उलट दाब स्वरतंतूंची आपटाआपटी कमी करतो.

जुना श्रोता
वरील क्रमाशी मी सहमत आहे, पण अलेक्झांडर तंत्राला दुय्यम समजू नये. १८६९ साली टास्मानियात जन्मलेले फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हे काव्यवाचन करीत आणि त्यांचा आवाज बसत असे. आरशात स्वतःला न्याहाळल्यावर त्यांना दिसले की म्हणायला सुरुवात करताच आपण डोके मागे खेचतो, स्वरयंत्र दाबतो आणि तोंडाने श्वास ओढतो. तुमचा त्रासही श्रोता समोर आल्यावरच होतो, म्हणून गाण्याआधीच्या त्या क्षणाकडे पाहणारा शिक्षक उपयोगी पडेल.

‘रडून घ्या म्हणजे गळा मोकळा होईल’ असे सांगणाऱ्या शिबिरांपासून मात्र दूर राहा. जोरात रडण्या-ओरडण्याने स्वरतंतू सुजतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तुम्हालाच गायचे असते. दबलेली अभिव्यक्ती मोकळी करायचीच असेल, तर गाण्याचे शब्द आधी नुसते मोठ्याने आणि अर्थासह म्हणा, मग एखाद्या विश्वासू व्यक्तीसमोर मुद्दाम कुरूप, खरखरीत पण विनाजोर आवाजात गा. सुरेखच गायले पाहिजे हा हट्ट हेसुद्धा एक प्रकारचे दडपणच असते. बोलतानाही गळा दाटत असेल, किंवा नकार द्यायची वेळ आली की आवाज जात असेल, तर समुपदेशकाकडे जाणे लांबवू नका.

गाणारी
दोघांचेही आभार. अंगठा ठेवून पाहिले, तर हनुवटीखालचा भाग मध्यमालाच (म) कडक होतो, म्हणजे त्रास जाणवण्याच्या आधीच. स्ट्रोबोस्कोपी झालेली नव्हती, तेव्हा तिची वेळ घेते आहे.

स्वरचिकित्सा
मध्यमाची ही नोंद थेरपिस्टला पहिल्याच भेटीत सांगा, आणि तोवर रियाज पंचमाच्या खालीच ठेवा.