मदत हवी आहे: ‘चेकपॉइंट’ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. ऑलिव्हच्या तोडणीच्या दिवसांत पंधरा दिवस पॅलेस्टाईनमधल्या, इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या वेस्ट बँकमध्ये राहून आलो. त्यावर लेख लिहितोय आणि या एका शब्दापाशी गाडी अडलीय. ‘नाका’ म्हटलं की टोलनाका आठवतो, ‘चौकी’ म्हटलं की हवालदार. दोन्ही फार घरगुती वाटतात हो.

हेब्रॉनमध्ये (तिथले लोक अल-खलील म्हणतात) ज्यांच्याकडे उतरलो, त्यांची नात शाळेला जाताना रोज लोखंडी फिरत्या दारातून जाते. एकेक माणूस, दप्तर उघडून. माझा पासपोर्ट सैनिकाने वरवर चाळला आणि सोडलं. मागे तिचे आजोबा पॅलेस्टिनी लोकांचं हिरवं ओळखपत्र हातात धरून उभेच. ओशाळल्यासारखं झालं.

1997 च्या इस्रायल-पॅलेस्टिनी करारात शहराचे एच-1 आणि एच-2 असे दोन भाग झाले. एच-2 इस्रायली लष्कराच्या ताब्यात, जुना बाजारही त्यातच. वरच्या इस्रायली लोकांच्या वसाहतीतून पडणारा कचरा अडवायला गल्लीवर तारेची जाळी ताणलीय. जाळीत अडकलेल्या बाटल्या, खाली आम्ही गरमागरम फलाफल खातोय!

दुसरं म्हणजे, आजोबांचा एक सुरेख फोटो आहे. ते म्हणाले, खुशाल छाप. पण त्यांना लागणाऱ्या इस्रायली परवान्यांचं उद्या काही बिनसलं तर? नुसते हात दाखवले तर चालेल का? पत्रकारितेतल्या किंवा तिकडे जाऊन आलेल्या कुणी सांगाल का? लेख सोमवारी द्यायचाय.