पगार वाढवला तरी ऑपरेटर टिकत नाहीत, चुकतंय कुठे?

प्रश्न: रबाळे_मशिनशॉप

रबाळे एमआयडीसीत माझं छोटं सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशिनचं वर्कशॉप आहे. 9 मशिन, दोन शिफ्ट, 34 माणसं. सहा महिन्यांत पाच ऑपरेटर सोडून गेले. एप्रिलमध्येच सगळ्यांचा पगार 20 हजारांवरून 22 हजार केला होता. दिवाळीला मिठाई देतो, वाढदिवसाला केक आणतो. शेवटचा गेला तो सात वर्षं माझ्याकडे होता. हिशोब घ्यायला आला तेव्हा विचारलं, काय कमी पडलं? "काही नाही साहेब, घरचं जरा..." म्हणाला आणि खाली बघत राहिला. ते मनाला लागलंय. अनुभवी लोकांनी स्पष्ट सांगा.

जुना_सेटर_वागळे

साहेब, 26 वर्षं सेटर होतो, म्हणजे मशिन कामाला लावून देणारा, म्हणून विचारतो. तुमच्याकडे लेट मार्क कसा लावतात?

मी बदलापूरहून यायचो. ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स हार्बर, म्हणजे नवी मुंबईकडची लोकल पकडायची. आमची लोकल दहा मिनिटं रखडली की पुढची गाडी चुकलीच. घाम पुसत गेटवर पोचलो की सिक्युरिटीवाला रजिस्टर पुढे सरकवायचा, लाल पेनासकट. तीन लेटला अर्धा दिवस कापला जायचा. आणि संध्याकाळी डिस्पॅच अडकला की तेच साहेब म्हणायचे, "जरा अर्धा तास थांब रे." तो अर्धा तास कुठल्याच रजिस्टरात चढला नाही. माणसाचं मन तिथेच उडतं, राजीनामा वर्षभराने येतो.

पुढच्या कंपनीत रिजेक्शन आलं, म्हणजे माल नापास झाला, की मालक केबिनमध्ये बोलवायचे नाहीत. स्वतः मशिनवर यायचे, जॉब, म्हणजे तो बनवलेला भाग, हातात घेऊन विचारायचे, "तुला काय वाटतं?" एकदा मी म्हटलं, इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, दोनशे जॉबला नको, दीडशेला बदलू. दुसऱ्या दिवशी मशिनवर तसा कागद लागला, खाली माझं नाव. कूलंट उडून तो पिवळा पडला, पण मी कुणाला काढू दिला नाही. तिथे 14 वर्षं काढली.

पेरोल_कोपरखैरणे

दादा, तुमच्या पगारवाढीतच एक गोष्ट राहून गेलीय. ईएसआयसीची, म्हणजे सरकारी कामगार विम्याची, पगारमर्यादा 21 हजार आहे. 22 केल्यावर माणसं त्यातून बाहेर पडली. 20 हजारांवर 0.75 टक्के म्हणजे महिन्याला 150 रुपये कापले जायचे, त्यात बायको-मुलांचे उपचार होते. कपात थांबली की काही महिन्यांनी उपचारही थांबतात. वाढ देताना ग्रुप मेडिक्लेम काढलात का? आणि ऑपरेटरांना हे कुणी समोर बसवून सांगितलं का? आमच्याकडे एकाला हॉस्पिटलच्या खिडकीवर कळलं. त्या दिवशीचा त्याचा फोन मी विसरलेली नाही.

ओव्हरटाइमही बघा. तो दुप्पट दराने द्यावा लागतो, अर्धा तास असला तरी.

रबाळे_मशिनशॉप

दोघांचेही मनापासून आभार. मेडिक्लेम काढलेला नाही. उद्या एजंटला बोलावतोय.

काल गेटचं रजिस्टर घरी आणलं. त्या सात वर्षांच्या माणसाच्या नावापुढे मार्चमध्ये चार लाल खुणा आहेत. त्याच महिन्यात एक्स्पोर्टच्या ऑर्डरसाठी तो सहा रात्री थांबला होता, मला चांगलं आठवतं, मीच वडापाव मागवले होते. त्याची नोंद कुठेच नाही. त्या सहा रात्रींचे पैसे दुप्पट दराने काढलेत. रविवारी त्याच्या घरी जाऊन देतो.