अनुभव धागा: मधुमेहाची गोळी आणि हृदय

धागाकर्ती: गोळी बदलली की घरात पहिला प्रश्न येतो, "फास्टिंग किती आली?" हृदयाचं कोणी विचारत नाही, आणि मधुमेहींचा जीव सर्वात जास्त जातो तो हृदयविकारानेच. रोसिग्लिटाझोन आठवते? साखर उत्तम उतरवायची. २००७ मध्ये तिच्यामुळे हार्ट अटॅकचा धोका वाढत असल्याचं विश्लेषण आलं आणि २०१० मध्ये भारतात ती बंद झाली. म्हणजे साखर आटोक्यात आली म्हणून हृदय सुरक्षित आहे, असं धरून चालता येत नाही. तुमच्या घरात गोळी बदलल्यावर काय झालं ते सविस्तर लिहा. डोस मात्र लिहू नका, लोक वाचून तसाच घेतात.

गोदाकाठ: बाबांचं बायपास झालेलं. पायोग्लिटाझोन सुरू झाली, साखर छान आली, वजनही वाढलं. पाहुणे म्हणायचे, तब्येत सुधारली. पण चपला घट्ट व्हायला लागल्या, घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, रात्री उशाला जास्तीची उशी लावल्याशिवाय झोप येईना. कार्डिओलॉजिस्टांनी गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली आणि नेमकी तीच पट्टी बाजूला काढली. ही गोळी अंगात पाणी धरून ठेवते, अशक्त हृदयाला तो भार झेपत नाही. ती बंद करून लघवीची गोळी दिली, सूज उतरली. हृदय अशक्त असलेलं कोणी घरात असेल तर आजच पट्ट्यांवरची नावं वाचा, कळकळीने सांगतोय.

माहेरवाशीण: सासूबाई ग्लिमेपिराइडवर. संकष्टीला सकाळची गोळी घेतली आणि पोटात काही नाही. दुपारी दरदरून घाम, छातीत धडधड. आम्ही रिक्षा बोलावली, तोवर दिरांनी बोटातलं रक्त तपासलं. साखर ५२! साखरपाणी दिल्यावर सावरल्या. दवाखान्यात ईसीजी काढला, तो ठीक निघाला. डॉक्टर म्हणाले, साखर अशी घसरली की हृदयावरही ताण येतो. आता उपासाच्या आदल्या दिवशी फोन करून विचारतो.

आजरा घनसाळ: माझा स्वतःचा अनुभव. अटॅकनंतर एम्पाग्लिफ्लोझिन दिली. २०१५ च्या चाचणीत हृदयविकार असलेले ७०२० मधुमेही होते. ही गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्के कमी झाले, आणि साखरेतला फरक मात्र थोडाच होता. मूत्रपिंडं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, सोबत मीठ-पाणी जातं, हृदयाचं ओझं हलकं होतं. मला जिना चढताना लागणारी धाप कमी झाली.

आता जे कोणी बोलत नाही ते. लघवीतल्या साखरेमुळे खालच्या जागी बुरशी येते, खाज सुटते. पुरुषांनाही. लाजून गोळी सोडणारे मला माहीत आहेत. सोडू नका, डॉक्टरांना सांगा. मलमाने माझी खाज गेली, आणि लघवीनंतर पाण्याने धुवायची सवय लावून घेतली.

गोदाकाठ: दादा, महाग आहे ना ती?

आजरा घनसाळ: होती. मार्च २०२५ मध्ये पेटंट संपलं, तेव्हापासून बऱ्याच कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्यात. त्याच जातीची डापाग्लिफ्लोझिन तर त्याआधीच स्वस्त झाली होती.

रातपाळी: मी आयसीयूत नर्स आहे. 'फ्लोझिन'वाल्या गोळ्या चांगल्याच आहेत, पण एक ध्यानात ठेवा. जुलाब-उलट्या, कडक उपास किंवा ऑपरेशन असेल तर रक्तात आम्ल वाढू शकतं, आणि ग्लुकोमीटरवर साखर जवळपास नॉर्मल दिसते, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. मळमळ, पोटदुखी, जोरजोरात श्वास दिसला तर लगेच दवाखाना गाठा आणि गोळीचं नाव सांगा. ठरलेलं ऑपरेशन असेल तर ही गोळी साधारण तीन दिवस आधी थांबवतात. भूल देणाऱ्या डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका.